पावती कोणाच्या नावावर? उमरगा तालुक्यातील संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
पतसंस्थांचे चेअरमन, शिक्षणसंस्थांचे सचिव, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि बाजारपेठेतील दुकानदार मंडळी,
तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव.

विषय : संस्थेचे इंटरनेटवरचे नाव (डोमेन) संस्थेच्याच ताब्यात असण्याबाबत.



मागच्या पावसाळ्यात एका शाळेच्या सचिवांचा भल्या सकाळी फोन आला. "सर, आपली साईट उघडली की पत्ते दिसायलेत. रमी, तीन पत्ती. पालक विचारायलेत, काय सांगू?" मी लगेच फोनवर पत्ता टाकून पाहिला. नाव शाळेचे, स्पेलिंगही तेच, आणि आत जुगाराचे दुकान मांडलेले.

सचिवांना वाटले साइट हॅक झाली. पोलिसांत जाऊ या, म्हणाले. पण चोरी झालीच नव्हती. नावाची मुदत संपली, पैसे कोणी भरले नाहीत, ठरलेले दिवस उलटल्यावर नाव मोकळे सुटले आणि कुणा परक्याने रीतसर पैसे मोजून ते घेतले. मुदत संपत आल्याच्या सूचना वेळेवर निघाल्या होत्या, पण त्या गेल्या वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या जुन्या ईमेलवर. मुलगा हिंजवडीत नोकरीला लागून चार वर्षे झालेली आणि तो ईमेल त्याने केव्हाच सोडलेला. शाळेच्या दप्तरात या नावाचा एकही कागद नव्हता. जनरल रजिस्टर कडीकुलपात, जमिनीचे फेरफार कपाटात, आणि जे नाव लेटरहेडवर, माहितीपत्रकावर, प्रवेशद्वाराच्या कमानीवर रंगवले, त्याची साधी पावतीही नाही.

त्या मुलाला मी दोष देणार नाही, कारण असाच एक मुलगा मीही होतो. मी उमरग्यात संगणक दुरुस्त करतो आणि मागेल त्याला वेबसाइट करून देतो. सुरुवातीच्या वर्षांत "डोमेन कोणाच्या नावाने घ्यायचे?" हे मी कोणाला विचारले नाही आणि मला कोणी सांगितले नाही. नऊ संस्थांची नावे माझ्या एका ईमेलवर, माझ्या मोबाइलवर आणि माझ्या कार्डावर होती. २०२१ च्या मे महिन्यात कोविडने मी सोलापूरच्या एका दवाखान्यात पडलो. त्याच आठवड्यात त्या नऊपैकी एका पतसंस्थेच्या नावाची मुदत संपली. वेबसाइट बंद पडली ते एक वेळ चालले असते, पण संस्थेचे ईमेलही त्याच नावावर चालायचे, तेही थांबले. ओटीपी येणार माझ्या बंद फोनवर. चेअरमन पैसे घेऊन तयार, पण भरणार कुठे? मी बरा होऊन घरी आलो म्हणून नाव वाचले. आलो नसतो तर त्या संस्थेने कोणाचे दार वाजवले असते? घरी आल्यावर पहिले काम केले ते हे, की नऊच्या नऊ नावे ज्याच्या त्याच्या खात्यावर वळवली. आपल्याला हे पत्र लिहिणे हा त्याच कामाचा उरलेला भाग आहे.

आधी एक गैरसमज काढू या. "आम्ही डोमेन विकत घेतलंय" असे आपण म्हणतो. डोमेन विकत मिळत नाही. ते नगरपरिषदेच्या गाळ्यासारखे असते. गाळा परिषदेचा, आपण ठरावीक मुदतीच्या कराराने तो घेतो, भाडे भरतो, मुदत संपली की नूतनीकरण करतो. थकबाकी झाली तर आधी नोटीस, मग सील, मग लिलाव. डोमेनचा करार एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा होतो, त्याहून लांबचा नाही.

या व्यवहारात कोण कोण असते तेही पाहून ठेवा. सगळ्या गाळ्यांची मूळ वही ज्याच्याकडे असते ती रजिस्ट्री. डॉट कॉमची वही अमेरिकेतल्या व्हेरिसाइन कंपनीकडे आहे, डॉट इनची आपल्या देशातल्या निक्सी या संस्थेकडे. वहीत नोंद करून देणारा मान्यताप्राप्त मध्यस्थ म्हणजे रजिस्ट्रार. करारावर ज्याचे नाव तो रजिस्ट्रंट, म्हणजे गाळाधारक. तो तुम्ही असायला हवे. गाळ्यात माल आणि फर्निचर ठेवायला जागा देतो तो होस्टिंगवाला. आणि आमच्यासारखी वेबसाइट करून देणारी पोरे म्हणजे पाटी रंगवणारे पेंटर. पेंटरच्या नावावर गाळ्याचा करार करणारा दुकानदार मी आपल्या बाजारपेठेत अजून पाहिलेला नाही. इंटरनेटवर मात्र तालुक्यातल्या निम्म्याहून जास्त संस्थांनी तेच केले असावे, असा माझा कामातला अनुभव सांगतो.

नाव आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या भागाला शिकवण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जमीन हलली आणि सास्तूर, राजेगाव, पेठसांगवी यांसारख्या गावांची घरे मातीला मिळाली. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होते, आज ते लोहाऱ्यात आहे. पुढे किती तरी गावे नव्या जागी वसली. घरे नवी, रस्ते नवे, पण नाव तेच राहिले. मुंबई-पुण्याला गेलेला माणूस सुट्टीत त्याच नावाची पाटी पाहून एसटीत चढला आणि गाडीने त्याला बरोबर नव्या गावठाणात आणून सोडले.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डोमेन व्यवस्था हेच करते. तुमची वेबसाइट जगात कुठल्या तरी संगणकावर असते आणि त्या संगणकाचा पत्ता आकड्यांत असतो. होस्टिंगवाला बदलला की आकडे बदलतात. नाव तेच राहते, फक्त वहीत 'आता गाडी इकडे न्या' एवढी नोंद बदलायची. ही नोंद ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमची साइट आणि तुमचे ईमेल दोन्ही. साइट पडली तर आठ दिवसांत नवी उभी करता येते. नावच हातचे गेले तर लोकांना नव्या गावठाणाची वाट सांगणारे कोणी उरत नाही.

आता नाव निवडण्याकडे वळू. इथे उमरगेकरांची अडचण जगावेगळी आहे. आपल्या गावाचे इंग्रजी स्पेलिंग कुठे 'यू'ने सुरू होते, कुठे 'ओ'ने, आणि मधला 'ए' कुठे 'ई' होऊन बसतो. दुकानांच्या पाट्या वाचत बसस्थानकापासून महामार्गापर्यंत चाललात तर एवढ्याच अंतरात तीन तऱ्हा सापडतील. नावात गाव घालायचेच असेल तर निदान यू आणि ओ अशी दोन्ही नावे घ्या आणि एक दुसऱ्यावर वळवून ठेवा. मग ग्राहकाने काहीही टाइप केले तरी तो तुमच्याच दारात येतो.

जिल्ह्याच्या नावाचा धडा तर ताजा आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचे अधिकृतपणे धाराशिव झाले. ज्यांच्या डोमेनमध्ये जुने नाव होते त्यांनी नवे घ्यायची घाई केली, ते ठीकच. पण काहींनी नवे घेतल्यावर जुने सोडून दिले. असे करू नका. जुने नाव शेकडो पत्रांवर, पावत्यांवर, लोकांच्या फोनमध्ये साठलेले असते. ते सुटले की दुसरा कोणी उचलतो आणि तुमच्या ओळखीवर धंदा करतो. जुने नाव काही वर्षे भाडे भरून ठेवावे आणि नव्यावर वळवावे. शेळीपालन करणाऱ्यांनी तर दोन्ही नावे जपावीत, कारण जिल्ह्याचे नाव बदलले तरी 'उस्मानाबादी' शेळी देशभर त्याच नावाने ओळखली जाते आणि गिऱ्हाईक तेच नाव शोधत येणार आहे.

तिसरी गोष्ट लांबीची. आपल्या संस्थांची नावे मंगलाष्टकांसारखी असतात. बहुउद्देशीय, ग्रामीण, सेवाभावी, प्रसारक, मंडळ हे सगळे शब्द ओळीने उभे. नियमाने एका नावात ६३ अक्षरे बसतात, पण तेवढी घेऊ नका. एक सोपी परीक्षा आहे. निवडलेले नाव येणेगूरच्या किंवा गुंजोटीच्या एखाद्या सभासदाला फोनवर एकदाच सांगा आणि त्याने कागदावर काय लिहिले ते वाचायला लावा. चुकले तर नाव बदला. आद्याक्षरे जोडून केलेले पाच अक्षरांचे नाव चेअरमनना पाठ असते, सभासदांना नाही. मध्ये आडवी रेघ किंवा आकडा असेल तर फोनवर हमखास गोंधळ होतो.

नाव मराठीतही घेता येते. २७ ऑगस्ट २०१४ पासून डॉट भारत हे देवनागरी टोक सुरू झाले आणि त्यात हिंदी, कोकणी यांच्यासोबत मराठीही आहे. म्हणजे नाव देवनागरीत आणि शेवटही देवनागरीत. मला ते मनापासून आवडते, पण दोन इशारे देतो. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाने नाव बदलते. मुरुम गावचेच पाहा. कोणी पहिला रू लिहितो, कोणी दुसरा, आणि यंत्राच्या लेखी ही वेगवेगळी गावे आहेत. दुसरे, पडद्यामागे यंत्र त्या नावाचे इंग्रजी अक्षरांत रूपांतर करते आणि सगळ्या ईमेल व्यवस्था, सगळे फॉर्म असे पत्ते अजून नीट स्वीकारत नाहीत. म्हणून मराठी नाव जरूर घ्या, पाटीवर लावा, पण ईमेलसाठी सोबत इंग्रजी अक्षरांतले नाव ठेवा.

शेवटी काय लावायचे, डॉट कॉम की डॉट इन? डॉट इन १९८९ मध्ये भारताला मिळाले आणि बरीच वर्षे त्याचा कारभार मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संशोधनसंस्थेकडे होता. नियम कडक, नावे मोजकी. २००५ मध्ये निक्सीकडे कारभार आला आणि ते सर्वांसाठी खुले झाले. तालुक्यात आणि जिल्ह्यात काम करणाऱ्या संस्थेला डॉट इन पुरेसे आहे. माल बाहेर पाठवणाऱ्या शेतकरी कंपनीने दोन्ही घ्यावीत.

काही टोके मात्र सगळ्यांसाठी नाहीत, आणि तिथेच लोक फसतात. ग्रामपंचायत आणि नगरपरिषद यांनी बाजारात जाऊन डॉट कॉम घेऊ नये. सरकारी कार्यालयांसाठी गव्ह डॉट इन आहे आणि ते एनआयसी या सरकारी संस्थेमार्फत मिळते. महाविद्यालयांसाठी एसी डॉट इन आहे, ते एर्नेट ही संस्था कागदपत्रे तपासून देते. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा बँका यांना तर आता पर्यायच उरलेला नाही. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना बँक डॉट इन या टोकावर जायला सांगितले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे नाव देणारी एकच संस्था आहे, आपल्याच महामार्गावरच्या हैदराबादची आयडीआरबीटी. खोट्या बँक साइटवर लोकांचे पैसे जाऊ नयेत म्हणून हा खटाटोप आहे. पतसंस्थांच्या चेअरमननी इथे एक लक्षात घ्यावे. पतसंस्था ही बँक नव्हे आणि हे टोक तुमच्यासाठी नाही. "आम्ही मिळवून देतो" म्हणणारा कोणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता रजिस्ट्रार. लोक मला विचारतात, सगळ्यात स्वस्त कुठला? मी त्यांना उलट विचारतो, दुसऱ्या वर्षी किती? या धंद्याची रीत अशी की पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत नाव देतात आणि नूतनीकरणाला अनेकदा त्याच्या कितीतरी पट लावतात. जाहिरातीतला मोठा आकडा सोडा, खालच्या बारीक अक्षरांतला नूतनीकरणाचा दर आणि त्यावरचा जीएसटी वाचा. पाच वर्षांचा एकूण खर्च कागदावर मांडा आणि मग तुलना करा.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅन या जागतिक संस्थेची आणि डॉट इनसाठी निक्सीची मान्यता लागते. दोघांच्याही मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांच्या याद्या जाहीर आहेत. तुम्हाला नाव देणारा त्या यादीत नसेल तर तो रिसेलर, म्हणजे उपमध्यस्थ. त्यात गैर काही नाही. मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ मध्ये वडिलांकडून २५ हजार रुपये घेऊन डायरेक्टी सुरू केली आणि गावोगावच्या रिसेलरांच्या खांद्यावर देशातल्या सगळ्यात मोठ्या डोमेन धंद्यांपैकी एक उभा केला. २०१४ मध्ये अमेरिकी एन्ड्युरन्स कंपनीने तो घेतला. त्या साखळीत माझ्यासारखे हजारो जण होते. पण साखळी लांब असेल तर वरच्या कडीचे नाव तुमच्याकडे लिहिलेले हवे. रिसेलरने दुकान बंद केले तरी वरच्या रजिस्ट्रारकडे जाऊन "हे नाव आमचे" असे सांगता आले पाहिजे.

तिसरा प्रश्न सोडून जाण्याचा. नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेता येते. त्यासाठी नावाचे कुलूप उघडावे लागते आणि ऑथ कोड नावाचा परवलीचा शब्द लागतो. डॉट कॉमसारखी नावे नवीन घेतल्यावर पहिले ६० दिवस हलवता येत नाहीत. चांगला रजिस्ट्रार हा कोड तुमच्या खात्यातच दाखवतो. वाईट रजिस्ट्रार त्यासाठी पंधरा फोन करायला लावतो. पैसे भरण्याआधीच मदतकेंद्राला फोन लावून विचारा, "उद्या आम्हाला जायचं झालं तर काय करावं लागतं?" उत्तर किती सरळ येते त्यावर निर्णय घ्या.

हा नुसता कल्पनेचा धाक नाही. नेटफोरइंडिया ही एके काळी देशातली नावाजलेली रजिस्ट्रार कंपनी. ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली, ग्राहकांना नावांचे नूतनीकरण करता येईना, दुसरीकडे हलवताही येईना. शेवटी २०२१ मध्ये आयकॅनने तिची मान्यता काढली आणि तिच्याकडची डॉट कॉमसारखी नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे वळवण्यात आली. ज्या ग्राहकांच्या नोंदी स्वतःच्या नावावर आणि अचूक होत्या त्यांना आपले नाव सिद्ध करता येते. ज्यांच्या नोंदीत कुणा तिसऱ्याचाच ईमेल, त्यांनी काय दाखवायचे?

नोंद करताना पुढची काळजी घ्या. संस्थेच्या रकान्यात नोंदणी प्रमाणपत्रावरचे नाव जसेच्या तसे लिहा. पावती संस्थेच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्या आणि ऑडिटच्या फाइलला लावा. नोंदीनंतर ईमेलवर खात्री करण्याची एक लिंक येते. डॉट कॉमसाठी १५ दिवसांत ती दाबली नाही तर नाव स्थगित होते, म्हणून ती आलेल्या दिवशीच दाबा. मोबाइल नंबर पदाचा द्या, माणसाचा नको. संस्थेचे सिमकार्ड कार्यालयातल्या फोनमध्ये ठेवा. आणि ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा देऊ नका. मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि सोडवण्याचा ओटीपी त्याच बंद पेटीत जाऊन पडतो. गाळ्याची किल्ली गाळ्यात ठेवून बाहेरून कुलूप ओढल्यासारखे ते होते.

"पण आम्ही ऑटो-रिन्यू लावून ठेवलंय," असे आता कोणी म्हणेल. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधीच रीतसर मंजुरी लागते. परदेशी रजिस्ट्रारांकडच्या अशा वसुल्या तेव्हापासून बऱ्याचदा अडकतात. कार्डाची मुदतही मध्येच संपते. त्यापेक्षा एकदम पाच वर्षांचे भरा आणि मुदतीची तारीख कार्यालयातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

तरीही मुदत चुकलीच तर किती वेळ हातात असतो? डॉट कॉमचे सांगतो. आधी जास्तीत जास्त ४५ दिवस, रजिस्ट्रारच्या धोरणानुसार, नेहमीच्या दरात नूतनीकरण होते. काही रजिस्ट्रार याच काळात नाव लिलावाला काढतात. त्यानंतर ३० दिवस सोडवणुकीचे, पण तेव्हा दंड हजारोंच्या घरात. मग पाच दिवस नाव पुसण्याच्या रांगेत, तेव्हा कोणाचेच काही चालत नाही. नंतर जो पहिला हात घालेल त्याचे, आणि अशा नावांवर टपून बसलेली यंत्रे हे काम काही सेकंदांत करतात. आपल्या शाळेचे नाव असेच गेले.

एक इशारा कारकुनांसाठी. "तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे, ताबडतोब भरा" अशी खोटी बिलेही येतात. "परदेशातली एक कंपनी तुमचे नाव नोंदवू पाहते आहे, आम्ही थांबवतो" अशीही पत्रे येतात. बिलावर तुमच्याच रजिस्ट्रारचे नाव आहे का, एवढे पाहा. नसेल तर ते फाडून टाका. लिंकवरून पैसे भरू नका, स्वतः खाते उघडून भरा.

नाव गेल्यावर कायदा मदत करतो का? करतो, पण सगळ्यांना सारखी नाही. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रेडिफ कंपनीने दावा लावला होता. एका संस्थेने 'रेडिफ'मधले एकच अक्षर बदलून 'रॅडिफ' असे नाव घेतले होते. न्यायालयाने रेडिफची बाजू घेतली. डोमेन हा नुसता पत्ता नसून व्यापारी नावासारखा जपण्याजोगा असतो, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात स्पष्ट केले. डॉट इनच्या तंट्यांसाठी निक्सीची लवादाची वेगळी सोयही आहे. तिथे तुम्हाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव तुमच्या नावाशी मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले किंवा वापरले आहे. पण रेडिफकडे वकील होते, पैसा होता आणि नाव देशभर माहीत होते. खेड्यातल्या शाळेने गावदेवाचे नाव घेतलेले असेल, तर त्याच नावाच्या शाळा महाराष्ट्रात शंभर निघतील. मग हक्क कोणाचा? सुरुवातीला सांगितलेल्या त्या शाळेच्या सचिवांनी चौकशी केली आणि नाद सोडला. त्यांनी नवे नाव घेतले, या वेळी संस्थेच्या नावावर. कमानीवरचे जुने नाव मात्र अजून तसेच आहे, कारण रंगवायला परांची बांधावी लागते आणि त्याचा खर्च सभेने मंजूर केलेला नाही.

आपण मंडळी सहकाराच्या मुशीतली आहात. प्रोसीडिंगमध्ये नोंद नसलेला चार आण्याचा खर्चही तुम्ही मान्य करत नाही. ती सवय इथे वापरा. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्या. त्याआधी वेबसाइट करणाऱ्या मुलाला बोलवा आणि तीन प्रश्न विचारा. नाव कोणाच्या खात्यात आहे? रजिस्ट्रार कोण? मुदत कधी संपते? त्याच्यावर रागावू नका. त्याला तेव्हा कोणी विचारले नव्हते, जसे मला विचारले नव्हते. नाव वळवून देण्याचे त्याचे जे काही होतील ते पैसे त्याला द्या. काम तासाभराचे आहे.

ठरावाचा मसुदा सोबत देत आहे. तो जसाच्या तसा घेतला तरी चालेल.

"ठराव : संस्थेचे डोमेन नाव संस्थेच्या अधिकृत नावाने व पत्त्याने नोंदलेले असावे. नोंदीतील ईमेल व मोबाइल क्रमांक सचिव या पदाचे असावेत, व्यक्तीचे नसावेत. खात्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत ठेवावा व पदाधिकारी बदलताच तो बदलावा. वेबसाइट करणाऱ्या व्यक्तीस कामापुरताच प्रवेश द्यावा. दर वर्षी मार्चअखेरच्या हिशेबासोबत नूतनीकरणाची पावती व मुदत संपण्याची तारीख सभेपुढे ठेवावी. ठराव सर्वानुमते मंजूर."

सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. त्या भरण्याचे काम आपले.

कळावे,
आपला,
एक उमरगेकर